मिग्दालियाचे मुके झटके

आमच्या वस्तीत झटका कशाला म्हणायचं, हे ठरलेलं आहे. आमच्या बेटावरच्या लारेस गावाच्या वरच्या अंगाला, कॉफीच्या उतारांवर आमची पन्नास-साठ घरं. इथे बाईला झटका येतो तेव्हा ती आधी "आय बेंदितो!", म्हणजे अगं देवा, म्हणून किंचाळते, मग दोन्ही हात वर करते आणि कोणीतरी झेलेल अशा बेताने पडते. पडल्यावर हातपाय झाडायचे. शेजारणी बाटली घेऊन धावतात. बाटलीत पानं मुरवलेलं स्पिरिट असतं, त्याला आल्कोलादो म्हणतात. ते मानेला, कपाळाला, मनगटांना खसाखसा चोळायचं आणि पुठ्ठ्याने वारा घालायचा. मग बाई डोळे उघडते आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात पडलेली असूनही विचारते, "मी कुठे आहे?" सगळ्यांना हायसं वाटतं आणि कॉफी होते.

या विद्येत अविल्दाचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा ती पडली, वादळात छप्पर उडालं तेव्हा पडली, हे समजण्यासारखं आहे. पण भाचीच्या बारशाला केक उशिरा आला म्हणूनही पडली, आणि एकदा लॉटरी एका आकड्याने हुकली तेव्हा तर तिकीटवाल्याच्या अंगावरच पडली. तरी लोक म्हणत, "मन हळवं आहे हो बिचारीचं." तिचा नवरा एफ्राईन म्हणजे मिग्दालियाचा थोरला भाऊ. तो बायको पडायला लागली की टीव्हीचा आवाज कमी करायचा. त्याच्या दृष्टीने कर्तव्य तिथे संपत असे.

आणि मिग्दालिया? तिचे झटके या नियमात बसतच नव्हते.

मिग्दालिया शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण. वय त्रेपन्न, दंड कमावलेले, आवाज भसाडा. दोनशे पोरांचा तुरीच्या दाण्यांचा भात ती एकटी ढवळायची. नवरा कामासाठी ओरलँडोला गेला तो तिकडचाच झाला, त्याचं तिने कधी फारसं मनावर घेतलं नाही. कोणापुढे वाकायचं नाही आणि कोणाला दोन शब्द सुनावायचे तर तीन सुनावायचे, अशी बाई. तिला झटका आला की ती होती तिथे उभी राहायची. तोंड राखेसारखं व्हायचं, बोटांना मुंग्या यायच्या, छातीत कोणी आतून दार बडवतंय असं वाटायचं, आणि आपण आता, याच मिनिटाला, मरणार याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका उरायची नाही. पण तोंडातून चकार शब्द निघायचा नाही, कारण गळाच आवळलेला. बघणाऱ्याला वाटायचं, बाई फुगून बसलीय.

पहिला झटका आला तो मंगळवारी सकाळी, घाटाच्या वळणावर, पुढे केळ्यांचा ट्रक रखडत चाललेला असताना. हृदय बंद पडतंय म्हणून तिने कशीबशी गाडी गावातल्या दवाखान्यात नेली. तिथे छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. पट्टी उत्तम. डॉक्टरने मान वर न करता सांगितलं, "नसांचं आहे बाई. टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका, म्हणे. जशी काही ती सकाळी दुकानात जाऊन किलोभर घेऊन आली होती!

ही बातमी वस्तीत पोचली आणि जो तो वैद्य झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. घरोघरच्या जपमाळेच्या प्रार्थना सांगणाऱ्या प्रोवीबाई, आमच्या भाषेत मानाने दोन्या प्रोवी, संत्र्याच्या फुलांचं पाणी घेऊन आल्या. एफ्राईन म्हणाला, "रात्री दोन बोटं रम घे, सकाळी ठणठणीत." एका चुलतबहिणीने पुन्हा लग्न कर म्हणून सुचवलं, कोणाशी ते मात्र सांगितलं नाही. आणि अविल्दा, या शास्त्रातली अधिकारी व्यक्ती, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झटका असा नसतो गं, मिग्दा. झटका आला की माणूस पडतं. तू तर उभी होतीस."

"पडायला जागा नव्हती," मिग्दालिया म्हणाली. "सगळी तू अडवलेली."

जीभ अशी धारदार राहिली, पण बाई आतून पार ढासळली. आठवड्याला चार-चार झटके. घाटाचं वळण नको म्हणून ती दहा मैलांचा वळसा घालू लागली. सुपरमार्केट सुटलं, बँकेची रांग सुटली. चर्चमध्ये दाराजवळच्या शेवटच्या बाकाच्या अगदी टोकाला बसायची, एक पाय बाहेर. कोणी विचारलं की सांगायची गुडघा दुखतो. लोक आपल्याला खुळी म्हणतील ही तिला मरणापेक्षा मोठी भीती. असल्या लोकांच्या मताची इतकी पत्रास ठेवणारी बाई स्वतःला कोणापुढे न वाकणारी समजत होती, हेही मला सांगितलंच पाहिजे.

त्यातच तिचा बाप गेला. दफनभूमीत, टेकडीवर, पेटी खाली सोडायच्या वेळी तिला झटका आला. आधी ती चालत मागे सरली, मग उतारावरून चक्क धावत सुटली आणि गाडीची दारं लावून आत बसली. बापावर माती पडली तेव्हा लेक काचा वर करून बसलेली. वर अविल्दा तीनदा पडली. तेव्हापासून गावाचा हिशोब पक्का झाला, की सून ती सून, सासऱ्यासाठी धाय मोकलून रडली, आणि पोटची पोर पळाली.

तिची आई दोन्या मोन्से महिनाभर काही बोलली नाही. मग एका रविवारी दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, तेव्हा शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "माझ्या वेळी पळू नकोस."

"आई, मला काय होतं ते तुला..."

"मला कळतं की नाही ते सोड. तुझ्या बापाला चाललं, त्याला कशाचंच काही वाटायचं नाही. मला वाटेल."

मिग्दालियाने "बरं" म्हटलं. उठताना रोजच्यासारखं "आशीर्वाद दे, आई" म्हटलं. आमच्याकडे थोरांच्या घरातून आशीर्वाद मागितल्याशिवाय पाय बाहेर पडत नाही. आईने "देव तुझं भलं करो" म्हटलं आणि पुढची शेंग घेतली. मिग्दालिया घरी येऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि रडली, कारण आपल्याला हे जमणार नाही याची तिला खात्री होती.

गावच्या आरोग्य केंद्रात दर गुरुवारी पोन्से शहराहून एक मानसतज्ज्ञ यायची, डॉक्टर योमारा. मिग्दालिया तिच्याकडे गेली, पण गेली तीही वर्षानुवर्षं टाळाटाळ करून, आणि गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून. योमारा अठ्ठावीस वर्षांची, पायात कॅनव्हासचे बूट. तिला बघूनच मिग्दालियाचं डोकं फिरलं. हिच्या वयाचे तर आपल्या खानावळीत भात ढवळायचे डाव आहेत.

"आपण आधी श्वासावर काम करू," योमारा म्हणाली.

"श्वास? तो मी पन्नास वर्षं फुकट घेतेय. त्यासाठी पोन्सेहून यायची काय गरज होती?"

"घेण्याचं तुम्हाला चांगलं जमतं. सोडण्याचं नाही जमत. आता बघा, बोलताना चार वेळा घेतलात, एकदाही पूर्ण सोडला नाहीत."

मिग्दालियाने पाचवा श्वास घेतला, आणि घेताना स्वतःला पकडलं.

"आत घेताना चार मोजा, सोडताना आठ," योमारा म्हणाली. "शरीराला आपण तोंडाने सांगून ते ऐकत नाही. लांब सोडलेला श्वास त्याला कळतो. पण ते नंतर. आधी मला सांगा, झटका आला की तुम्ही काय करता?"

"निघून जाते."

"आणि मग तो जातो?"

"जातो की."

"म्हणजे शरीराला वाटतं, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते तुम्हाला अजून लवकर पळवणार. चांगलं शिकवलंय तुम्ही त्याला."

"मग काय करू? झटक्याला बस म्हणू? कॉफी विचारू?"

"विचारा. बसू द्या त्याला. वीस मिनिटांत तो कंटाळून जातो. आला आणि गेलाच नाही, असं कधी झालंय?"

मिग्दालियाने आठवून पाहिलं. झालं नव्हतं. शेकडो झटके आले आणि शेकडो गेले, आणि हे साधं गणित स्वतःच्या डोक्यात आलं नाही, कॅनव्हासचे बूट घातलेल्या पोरीने सांगावं लागलं, याचा तिला इतका संताप आला की त्या संतापात ती पुढच्या गुरुवारी परत गेली.

मग बाईने सराव सुरू केला, आणि तो बघण्यासारखा होता. बँकेत काही काम नसताना ती रांगेत उभी राहायची. काळीज धडधडायला लागलं की पायाचे तळवे बुटात घट्ट रोवायची, मनात आठपर्यंत मोजत श्वास सोडायची, आणि खिडकीशी पोचली की आतल्या माणसाला विचारायची, "किती वाजले?" त्याने वेळ सांगितली की आभार मानून घरी. तीन-चार वेळा असं झाल्यावर तो तिला लांबूनच घड्याळ दाखवायला लागला. चर्चमध्ये ती एकेक बाक पुढे सरकत गेली, आणि दोन्या प्रोवींना वाटलं बाईची भक्ती वाढली. शाळेत झटका आला तर शीतकपाटातली वाटाण्याची पिशवी गालाला लावून उभी राहायची. मुलं विचारायची तर म्हणायची, "दाढ दुखते, ताट पुढे करा." घाटाच्या वळणावर पहिले पाच प्रयत्न फसले, एकदा तर ती ट्रकवाल्यांच्या शिव्या खात अर्धा तास रस्त्याच्या कडेला थांबली. दोन वर्षांनी महिन्याला एखादा झटका येऊ लागला. बरी झाली असं नाही. पण येणारा पाहुणा ओळखीचा झाला, आणि ओळखीच्या पाहुण्याला आपण जसं नाखुशीने का होईना बसायला सांगतो, तसं तिला जमू लागलं. या सगळ्याचा घरात कोणाला पत्ता नव्हता. सांगायचं कोणाला? झटक्याला पडावं लागतं असं मानणाऱ्यांना, उभं राहण्यासाठी माणसाला दोन वर्षं लागली, हे काय कळणार?

मार्चमध्ये दोन्या मोन्से गेली. शहाऐंशी वर्षांची होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून तीन वर्षं अंथरुणात होती आणि त्या तीन वर्षांत तिला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं अविल्दाने केलं. एवढं तिच्या पदरात घालायलाच हवं. मिग्दालिया दर रविवारी यायची, तीन तास बसायची, आशीर्वाद मागायची आणि निघायची. अविल्दाच्या सेवेबद्दल तिचं मत असं, की करते, पण केल्याचा डांगोरा जास्त पिटते. मतामध्ये तथ्य होतं. डांगोरा खरंच मोठा होता.

गावातल्या अंत्यविधीच्या हॉलमध्ये दुपारी दोन वाजता पेटी उघडी ठेवली. मिग्दालिया पहिल्या रांगेत, पेटीपासून चार हातांवर बसली. अविल्दा आली तीच ओरडत. "मोन्से! मला टाकून गेलीस गं! आता मी कोणाला भरवू?" आणि खुर्च्यांच्या दोन रांगा आडव्या करून पडली. बाटल्या बाहेर आल्या. एका मिनिटात सगळ्या हॉलला आल्कोलादोचा वास. चार बायका चोळायला, दोघी वारा घालायला, आणि एक जण पुढच्यांना "मागे व्हा, हवा येऊ द्या" म्हणून स्वतःच पुढे झुकलेली. एफ्राईनला कमी करायला टीव्ही नव्हता, म्हणून त्याने बायकोची चप्पल शोधून आणली.

त्या गदारोळात मिग्दालियाचा पाहुणा आला. आधी बोटांना मुंग्या, मग छातीतलं बडवणं, मग ती जुनी पक्की खात्री, की आता मेले. दार उजव्या हाताला, बारा पावलांवर होतं. तिने बघितलं नाही, पण ते कुठे आहे हे तिला पाठीच्या कण्यात कळत होतं. तिने तळवे जमिनीत रोवले. चार. आठ. पेटीतल्या आईच्या केसांतली पीन तिरकी बसलीय, हे पाहिलं. चार. आठ. पायाखालची फरशी हिरवी आहे. पडद्याची कड उसवलीय. बस बाबा, बस, कॉफी मिळणार नाही. पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते आणि चेहरा दगडासारखा, कारण चेहऱ्याला पुरवायला ताकदच शिल्लक नव्हती.

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, आणि आमच्याकडची कुजबुज पार रस्त्यापर्यंत ऐकू जाते.

"बघ, डोळ्यात टिपूस नाही."

"सून बघ कशी तळमळतेय, आणि ही? बसची वाट बघत बसल्यासारखी."

"दगड गं, दगड. बापाच्या वेळी पळाली, आज निदान बसली तरी."

मिग्दालियाला सगळं ऐकू येत होतं. तिला उठून एकेकीची हजेरी घ्यावीशी वाटली. पण हजेरीला श्वास लागतो आणि होता तेवढा तिला दुसरीकडे हवा होता. अठरा मिनिटांनी झटका ओसरला. ती बसलेलीच होती. आयुष्यात एवढं मोठं काम तिने केलं नव्हतं, आणि त्या भरल्या हॉलमध्ये ते कोणालाही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफनभूमी. तीच टेकडी. आदल्या संध्याकाळपर्यंत अविल्दाच्या खात्यावर तीन वेळा पडणं जमा झालं होतं आणि चौथं पेटी खाली सोडताना होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं, म्हणून बायका बाटल्या हातात घेऊनच वर चढल्या. दोन्या प्रोवी प्रार्थना म्हणत होत्या. जवळच्या प्रत्येकाच्या हातात एकेक पांढरं फूल. पेटी पट्ट्यांवर टेकलेली. मिग्दालिया अगदी काठाशी उभी. छाती धडधडत होती, पण पाय जागेवर होते. अजून पाच मिनिटं. आईला दिलेला "बरं" पुरा व्हायला फक्त पाच मिनिटं.

अविल्दा ओरडली नाही.

सगळ्यांनी वाट पाहिली. एकीने बाटलीचं झाकण उघडून ठेवलं होतं, ते पुन्हा लावलं. "थकली असेल," कोणीतरी म्हणालं आणि लोक पुढे वळले. मिग्दालियाने सहज मान फिरवली. अविल्दा मागे, दोन थडग्यांपलीकडे, सिमेंटच्या कट्ट्याला धरून उभी होती. तोंड राखेसारखं. ओठ पांढरेफटक. हाताची बोटं आत वळून चिमट्यासारखी झालेली. तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आवाज नव्हता.

तो चेहरा मिग्दालियाने आरशात शंभरदा बघितला होता. तिला एका क्षणात कळलं.

तिच्या मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. मर, असा आला. वीस वर्षं सगळ्यांना फुकट नाचवलंस, आता खरा आलाय तर घे भोगून. दुसरा विचार असा, की मी इथून हलले तर संपलं. गावाला काय, लेक पुन्हा पळाली. आणि आईला? माणसांनी पट्ट्या सैल करायला हात घातला.

मिग्दालिया वळली आणि निघाली. मागून एकीचा आवाज आला, "गेली बाई, गेली! सांगत नव्हते मी?"

तिने अविल्दाला कट्ट्यामागे जमिनीवर बसवलं आणि समोर बसली.

"मरतेय मी," अविल्दाचे नुसते ओठ हलले.

"नाही मरत. मी शेकडो वेळा मेलेय, मला विचार. पाय टेकव. पूर्ण टेकव. आता श्वास सोड."

"येत नाही..."

"घेऊ नकोस गं, सोड! घ्यायची घाई नको. फुंकर मार, गरम कॉफीवर मारतेस तशी. अजून. अजून. हं."

अविल्दाने तिचं मनगट धरलं. नखं रुतली. कितीतरी वेळाने घोगरा, फाटका आवाज आला, "माझा आवाज का निघत नाही गं?"

"खरा आहे म्हणून."

अविल्दाने तिच्याकडे बघितलं. मिग्दालियाला ते कुचकट बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते नुसतं सरळ निघालं. थडग्याच्या पलीकडून पट्ट्यांचा करकर आवाज आला, मग फुलं पडल्याचा आवाज, जो जवळजवळ नसतोच, आणि मग सिमेंटची फरशी सरकवल्याचा. मिग्दालियाने तिकडे पाठ करून आठपर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मोजता मोजता तिचे डोळे वाहू लागले. तेही कोणी पाहिलं नाही. कोणी बघावं अशी जागाच नव्हती ती.

ती परत आली तेव्हा माणसं पांगली होती. खणणारा म्हातारा कामगार फरशीच्या कडेने ओलं सिमेंट थापत होता. मिग्दालिया फूल घेऊन उभी राहिली. कुठे टाकावं ते कळेना, म्हणून कडेला ठेवलं.

"आशीर्वाद दे, आई," ती म्हणाली.

"देव तुझं भलं करो," म्हातारा थापी न थांबवता म्हणाला. आमच्याकडे हे शब्द कानावर पडले की उत्तर आपोआप जातं. मिग्दालियाने त्याच्यावर खेकसायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती टेकडी उतरली, या वेळी चालत.

मेल्यानंतर नऊ दिवस आमच्याकडे घरी जपमाळ होते. तिसऱ्या दिवशी पाच वाजता एफ्राईनच्या बैठकीत वीसेक माणसं जमली. दोन्या प्रोवींचा घसा बसला होता, म्हणून अजून सुरुवात झाली नव्हती. मिग्दालिया बिस्किटं आणि चीजचं ताट फिरवत होती. बायका तिच्या हातचं चीज घेत होत्या, पण तिच्याकडे बघत नव्हत्या. आणि सोफ्यावर बसून अविल्दा सांगत होती.

"मी बघितलं, मिग्दा सुटली धावत. मनात म्हटलं, जाऊ देत लोक काय म्हणतील ते, शेवटी नणंद आहे माझी. मी गेले मागे. त्या थडग्यामागे थरथरत बसलेली गं बिचारी! तिला पोटाशी धरून बसले. मोन्सेला शेवटचं बघायचं माझं राहिलं, पण म्हटलं, जिवंत माणूस आधी."

"आय बेंदितो, काय मन आहे!"

"आणि लोक नणंदा-भावजयांना नावं ठेवतात!"

एफ्राईनने मान हलवली, जणू हे सगळं त्याच्याच देखरेखीखाली झालं होतं.

मिग्दालिया ताट हातात घेऊन उभी राहिली. चोराच्या उलट्या बोंबा तिने आयुष्यभर ऐकल्या होत्या, पण ही कमाल झाली. आठ वर्षांचं सगळं तिच्या जिभेवर आलं. बँकेची रांग, वाटाण्याची पिशवी, हॉलमधली अठरा मिनिटं, सगळं. मनगटावर चार नखांचे व्रण अजून लाल होते. बाही वर केली असती तरी पुरलं असतं. एका वाक्यात अविल्दा भुईसपाट झाली असती आणि गावाला लेक परत मिळाली असती.

"तिला म्हटलं..." अविल्दा पुढे सांगायला गेली आणि थांबली. लोकांना वाटलं, गहिवर आला. मिग्दालियाने पाहिलं, की तिची मांडीवरची बोटं आत वळायला लागलीत. डोळे दाराकडे गेले. दार माणसांनी भरलेलं होतं.

एकीने बाटली चाचपली. "पडतेय का गं ती?"

मिग्दालियाने ताट एफ्राईनच्या हातात कोंबलं. सोफ्यावरच्या बाईला "सरक" म्हटलं आणि अविल्दाला खेटून बसली. तिचा वळलेला हात झग्याच्या घोळाआड धरला, दुसऱ्या हाताने टेबलावरची जपमाळ उचलली आणि भसाड्या आवाजात सुरू केलं, "नमो मारिये, कृपापूर्णे..."

ती इतकं सावकाश म्हणत होती, की लोक गोंधळले. एकेक शब्द शेवटच्या टोकापर्यंत ओढायचा, ओळ संपली की थांबायचं, मग पुढची. पण प्रार्थना सुरू झाल्यावर उत्तर द्यावंच लागतं, आणि सांगणारीच्या चालीनेच द्यावं लागतं. वीस माणसांना तिच्याबरोबर लांबलचक श्वास सोडावा लागला.

"कॉफी गार होईल गं, बाई," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"होऊ दे," मिग्दालिया दोन ओळींच्या मधे म्हणाली आणि अविल्दाचा हात दाबला. "पाय टेकव."

माळेच्या दुसऱ्या दहा मण्यांत अविल्दाचे ओठ हलायला लागले. तिसऱ्या दहांत तिचा आवाज आला, अगदी बारीक. आणि मग ती रडली. कोणालाही झेलायला न बोलावता, नाक पुसत, कुरूप रडली. लोकांना ते रडणं बेताचंच वाटलं. बाटली पिशवीत परत गेली.

सगळे गेल्यावर दोघी मोरीशी कप विसळत होत्या.

"मी असं का सांगितलं ते मला नाही माहीत," अविल्दा म्हणाली. "तोंडाला येत गेलं."

"तुझ्या तोंडाला नेहमीच येत असतं."

"उद्या सांग हवं तर सगळ्यांना. मी नाही म्हणणार नाही."

मिग्दालियाने कप उपडा ठेवला. सांगायची इच्छा अजून होती, मेली नव्हती. पण ऐकणारे कोण, तर मगाचचे बाटलीवाले.

"रोज सकाळी सहाला मी तिला उठवायला जाते," अविल्दा नळाकडे बघत म्हणाली. "आजही गेले. खोलीत जाऊन उभी राहिले आणि मग कळलं. माझीही होती गं ती, मिग्दा."

मिग्दालियाला हे दर रविवारी तीन तास बसून एकदाही दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की ती जशी बोलायची तशीच बोलली.

"माहीत आहे आता," ती म्हणाली. "वीस वर्षं एवढी ओरडली नसतीस, तर आधीच कळलं असतं."